लाल फडक्याआडचे चार तास

यंदा थंडी रेंगाळत आली. संक्रांत चार दिवसांवर आली तेव्हा कुठं सकाळी शेडनेटवरून दव ठिबकायला लागलं, आणि ओल्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, ढिगात हात घातला की कोपरापर्यंत कळ जायला लागली. आमच्या महाळुंगे पडवळला ही थंडी म्हणजे कलिंगडाच्या रोपांचा हंगाम. लोकांना थंडी म्हटलं की हुरडा आठवतो. मला औषधाचा लाल रंग चढवलेलं कलिंगडाचं बी आठवतं, आणि त्याच्या मागोमाग सहा वर्षांपूर्वीचा एक हंगाम. तो न आठवला तर बरं, असं मला दर वर्षी वाटतं आणि दर वर्षी तो आठवतोच.

या वेळी त्याला आणखी एक निमित्त झालं. माझी मुलगी सायली पुण्यात दोन मैत्रिणींना घेऊन कापडी पिशव्यांचा धंदा करते. परवा फोनवर तिचा आवाज पार बसलेला. म्हणाली, "पप्पा, मला एक सांगा. धंदा करणाऱ्या माणसानं दिवसातले नेमके किती तास मन लावून काम करावं? मोबाईलवर एक जण सांगतो चौदा. दुसरा म्हणतो चार बास झाले. मी सोळा करते, आणि तरी काल एका अख्ख्या गठ्ठ्यावर छपाई उलटी मारून बसले."

मी म्हणालो, "नंतर सांगतो," आणि फोन ठेवला. उत्तर खरं तर तोंडावर होतं. पण ते सांगायचं तर आधी माझी फजिती सांगावी लागली असती, आणि पोरीपुढं बापाला एवढा धीर एकदम येत नाही.

सोळा तास हा आकडा तिनं माझ्याकडूनच उचललेला. लहानपणापासून तिनं तोच ऐकला. मी रोपवाटिका टाकली तेव्हापासून येईल त्याला सांगायचो, "पहाटे पाचला उठतो, रात्री नऊला टेकतो. सोळा तास, राव." मोठ्या अभिमानानं सांगायचो. समोरचा मान हलवायचा आणि मला वाटायचं, याला माझं कौतुक वाटलं. त्या सोळा तासांत मी काय काय करायचो हे कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब. फोन घ्यायचो. आल्यागेल्याला चहा पाजायचो. मोटर चालू करायचो, पुन्हा बंद करायचो. कोकोपीटच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर उभा राहायचो. आणि या सगळ्यातून जे तास उरतील त्यांत बी टोकायचो, म्हणजे ज्या एका कामासाठी लोक माझ्याकडं येत होते ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी दुकानातून बियाण्याची पुडी घेतो आणि आमच्याकडं आणून देतो. आम्ही ते बी ट्रेच्या एकेका खळग्यात एकेक करून टोकतो, उबेत ठेवतो, पंधरा दिवस सांभाळतो आणि रोप करून त्याचं त्याला परत देतो. बी त्याचं असतं. म्हणजे पुढचं सगळं पीकही त्याचंच, आमच्या हातात फक्त पंधरा दिवस असतं. या धंद्यात एकच पाप आहे, एकाचं रोप दुसऱ्याला जाणं. कारण रोपं कोवळी असताना सगळी सारखी दिसतात. चूक झाली तर ती दोन-अडीच महिन्यांनी रानात कळते, आणि तोवर शेतकऱ्याचा हंगाम गेलेला असतो.

सुशीलाताई माझ्याकडं आल्या त्या अशाच एका पौषात. अवसरी बुद्रुकच्या. नारायणगावकडच्या एका मोठ्या रोपवाटिकेत त्यांनी बरीच वर्षं काढलेली. रोज एसटीनं जाणं-येणं झेपेना म्हणून जवळ काम बघत होत्या. अंगानं किरकोळ, बोलायला कमी, आणि हातात अशी सफाई की मी पहिल्या दिवशी नुसता बघत उभा राहिलो. अंगठ्यानं खळगा दाबायचा, बी आडवं ठेवायचं, चिमूटभर कोकोपीट वरून. दाबा, ठेवा, झाका. बघणाऱ्याला वाटावं, बाई काही करतच नाही.

चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊ, एक मागते. आठ ते बारा ह्या शेडमधी कुणी बोलायचं न्हाई. कुणी आत यायचं न्हाई. तुमीबी न्हाई."

मला हसूच आलं. "अहो ताई, गिऱ्हाईक आलं तर?"

"बसंल की बाहेर. झाड हाय, बाज हाय."

"आणि बाराच्या पुढं?"

"बाराच्या पुढं तुमी सांगाल ते. ट्रे उचलते, पाणी मारते, शिवार फिरते. ती पायाची कामं. दिसभर व्हतात. पर बी टोकायचं मनानं, आन् मन चार तासांच्या वर बसत न्हाई. बसवलं तर निस्तं बसतं, काम करत न्हाई."

मी मनात म्हटलं, चार तासांची राणी. पण हात बघितले होते, त्यामुळं हो म्हणालो. आठच का, तर आमच्याकडं ऊस उभा असला की बिबट्याच्या धास्तीनं बायका चांगलं फटफटल्याशिवाय घर सोडत नाहीत. तिघी-चौघी मिळून गावातून येईपर्यंत आठ होतातच.

दुसऱ्या दिवशी ताईंनी घरून एक लाल फडकं आणलं आणि शेडच्या दाराला बांधलं. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणला आणि सगळ्या बायकांचे मोबाईल त्यात ठेवून झाकण लावलं. मग डबा माझ्यापुढं धरला. "तुमचाबी." मी म्हणालो, "माझा धंदा आहे त्याच्यावर." त्या डबा तसाच धरून क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग आत निघून गेल्या. माझा मोबाईल माझ्या खिशात राहिला.

बायका पहिल्या दिवशी फार वैतागल्या. एक जण म्हणाली, "ताई, तोंड बंद ठिवलं तर हात कसं चालायचं?" ताई म्हणाल्या, "गुणगुणा. पर बोलू नका." तिसऱ्या दिवसापर्यंत गुणगुणणंही थांबलं. त्या शेडमधली ती शांतता मला अजून ऐकू येते. नेटवरून दव पडायचं टप टप. बांधावरच्या बाभळीत सातभाई भांडायचे. लांब कुणाच्या तरी विहिरीवर मोटर सुरू व्हायची. आणि आत चौघींच्या बांगड्यांचा बारीक आवाज, एका लयीत. मी बाहेरून जाळीला डोळा लावून बघायचो. माझीच शेड, आणि मी चोरून बघतोय.

त्यांची आणखी एक रीत होती. एका वेळी एकच पुडी उघडायची. ती संपली की रिकामी पुडी बांबूच्या काडीला टोचायची आणि तिच्या ट्रेंमध्ये रोवायची. काडी रोवल्याशिवाय दुसऱ्या पुडीला हात लावायचा नाही. ट्रेवर शेतकऱ्याचं नाव लिहायची चिठ्ठी वेगळी असायचीच, पण ताईंचा भरवसा काडीवर. "चिठ्ठी माणूस लिवतो," त्या म्हणायच्या, "पुडी कंपनीनं छापलेली अस्ती." बारा वाजले की त्या उठायच्या, पदरानं हात पुसायच्या आणि दर वेळी एकच वाक्य बोलायच्या, "झालं. आजचं मन संपलं." मग दाराचं फडकं सोडायच्या आणि चिंचेखाली अर्धा तास डोळ्यांवर पदर घेऊन झोपायच्या. भर हंगामात झोपणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मला ते खटकायचं. आणि गंमत अशी, की त्या वर्षी आमच्या रोपांची मर एकदम कमी झाली, एकही खळगा मोकळा राहीना, आणि लोक लांबून यायला लागले.

त्या लांबून आलेल्यांत एक काशिनाथ पावणं. मढचे, पार माळशेजच्या अंगाला. त्यांची बहीण आमच्या गावात दिलेली, म्हणून अख्खं गाव त्यांना पावणं म्हणतं. तोवर भाताशिवाय काही न केलेला माणूस. त्या वर्षी धरणाच्या पाण्यावर पहिल्यांदाच पाईप टाकला होता आणि भात निघालेल्या रानात कलिंगड करायचं ठरवलं होतं. पुडी त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात, त्यावर स्वेटर, अशी आणलेली. माझ्या हातात देताना म्हणाले, "भाऊ, घरात सगळी नगं म्हनत्यात. भाताच्या रानात कुटं कलिंगड व्हतं का, म्हनं. ह्ये जमलं तर जमलं, न्हाईतर म्या पुन्यांदा घरात तोंड उघडायचं न्हाई." हसत म्हणाले, पण पुडी माझ्या हातात आल्यावरही त्यांची बोटं क्षणभर तिच्यावरून निघाली नाहीत.

त्याच दिवशी अवसरीचा संतोष आला. तरुण, शिकलेला, नवं काहीतरी करणारा. त्याची पुडी पिवळ्या गराच्या कलिंगडाची. बाहेरून हिरवंगार, आपल्या नेहमीच्यासारखंच, आत पिवळं. पुण्यातल्या एका फळवाल्याशी त्याचं बोलणं झालेलं होतं.

ताई म्हणाल्या, "भाऊ, आता घेऊ नगा. चार तासात व्हत्यात तेवढे ट्रे भरले ह्या आठवड्याचे."

मी दोन्ही पुड्या घेतल्या. मनात म्हटलं, हिचे चार तास भरले असतील, माझे सोळा आहेत की.

ती दुपार मला खळग्या-खळग्यानं आठवते. तीन वाजले असतील. पहाटे पाचपासून मी पायांवर. जेवून सुस्ती आलेली. वेळ वाचावा म्हणून मी दोन्ही पुड्या एकदम फोडल्या आणि दोन वाट्यांत ओतल्या. डावीकडं पावण्यांचं बी, उजवीकडं संतोषचं. दोन्ही लालभडक, औषध लावलेली, डोळ्यांना फरक नाही. बायको मंगल चहा ठेवून गेली. चहा पिता पिता फोन वाजला. कोकोपीटची गाडी मंचरच्या पुढं भलत्याच फाट्याला वळली होती, तो ड्रायव्हर ओरडत होता, मी ओरडत होतो. बोलता बोलता टेबलाभोवती फिरलो. फोन ठेवला, चहा संपवला, जवळच्या स्टुलावर बसलो आणि टोकायला लागलो. बरेचसे ट्रे भरल्यावर लक्षात आलं की मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलोय. आता माझी डावी म्हणजे मघाची उजवी. आणि चहाची कपबशी ठेवताना मी वाट्याही सरकवल्या होत्या की नव्हत्या, ते मला काही केल्या आठवेना.

पुष्कळ आठवून बघितलं. कपाळावर हात मारून बघितला. मग एक अंदाज धरला, चिठ्ठ्या लिहिल्या आणि ट्रे उबेच्या खोलीत रचून टाकले.

सकाळी ताई आल्या तेव्हा दोन रिकाम्या पुड्या टेबलावर शेजारी शेजारी पडलेल्या. काडी नाही, काही नाही. त्यांनी त्या उचलल्या. उलट्यासुलट्या करून बघितल्या.

"भाऊ, कंची कुठली, खात्री हाय का?"

"हाय की," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो.

"खात्री असंल तर द्या. नसंल तर आत्ताच दोघांना सांगा. आजून टाईम हाय, नवी पुडी आनतील."

"ताई, सांगितलं ना, खात्री आहे."

त्यांनी दोन्ही पुड्या होत्या तशा टेबलावर ठेवल्या. मी खोटं बोललो हे त्यांना कळलं असावं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. पुढचे पंधरा दिवस मी त्या ट्रेंवरून नजर चुकवत फिरलो. रोपं मात्र सुरेख आली होती. तकतकीत, एका उंचीची. पानं काही सांगत नव्हती. पावणं रोपं न्यायला आले तेव्हा ट्रे टेम्पोत ठेवताना ते एकेका ट्रेला खालून हात देत होते. मी मदतीला होतो. तेव्हासुद्धा बोलता आलं असतं.

चैत्रात पावण्यांचा फोन आला. आवाज अगदी हळू. "भाऊ, ओतूरहून येपारी आला व्हता. कलिंगड कापलं."

"मग?"

"आत पिवळं हाय."

ते म्हणाले, "त्यानं दुसरं कापलं. तिसरं कापलं. मग सुरी खाली ठिवली आन् म्हनला, कच्चा माल हाय, गाडीत बसला. रान सगळं भरलंय, भाऊ. आमच्या घरची इचारत्यात, हे काय पेरलं."

त्याच संध्याकाळी मी अवसरीला ताईंच्या घरी गेलो. स्वच्छ सारवलेलं अंगण, आत फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढं मोगऱ्याची दोन फुलं. ताई धान्य पाखडत होत्या. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. वाट्या, चहा, फोन, ती बदललेली बाजू. मला वाटलं, ऐकवतील आता. त्या म्हणाल्या, "संतोषला मी सांगते, माझ्याच गावचा हाय. आन् उद्या मढला मीबी येते. पुड्या माझ्या शेडमधल्या व्हत्या."

"ताई, चूक माझी आहे."

"हाय की. तुमचीच हाय. पर शेड माझी हाय."

संतोषच्या घरी त्यांना काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही. त्याचं लाल कलिंगड बाजारात खपलं, पण पुण्याचा फळवाला तुटला तो तुटलाच. संतोष पुन्हा आमच्याकडं आला नाही. मंचरच्या बाजारात भेटला तर मान हलवतो आणि पुढं जातो. त्याच्या जागी मी असतो तर तेवढीही हलवली नसती.

मढला आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलेलं. खाली धरणाचं आटत चाललेलं पाणी, पलीकडं डोंगर, आणि मध्ये ते रान. कलिंगडं अशी लागली होती की पाय टाकायला जागा नव्हती. पावण्यांच्या बायकोनं, इंदूबाईंनी, एक कापलं आणि फोडी आमच्यापुढं ठेवल्या. हळदीसारखा पिवळा गर. मी खाल्ला. इतकं गोड कलिंगड मी त्याआधी खाल्लं नव्हतं, आणि ते घशाखाली उतरताना मला रडू येईल की काय असं वाटलं.

"ग्वाड हाय," पावणं म्हणाले. "पर न कापता दाखवलं तर लोकान्ला कळत न्हाई, आन् कापून दाखवलं तर पटत न्हाई."

ताई म्हणाल्या, "मग कापूनच विकू. घाटाच्या रस्त्याला."

पुढचे आठ-नऊ दिवस आम्ही माळशेजच्या रस्त्याला बसलो. पावणं, इंदूबाई, ताई आणि मी. मी प्रत्येक गाडीपुढं हात करायचो, ओरडायचो, धावायचो. ताई खाली बसून फोडी करायच्या. सारख्या जाडीच्या, बिया बाजूला काढलेल्या, पळसाच्या पानावर मांडलेल्या. दुपारपर्यंत माझा घसा बसायचा आणि लोक ज्या फोडी बघून थांबायचे त्या ताईंच्या असायच्या. बारा वाजले की त्या सुरी खाली ठेवून म्हणायच्या, "आता तुमी कापा. बोट जाईल माझं." बराच माल असा गेला. बराच गेलाही नाही. उरलेला गुरांपुढं टाकावा लागला, आणि इंदूबाई गोठ्याकडं पाट्या नेत होत्या तेव्हा मी दुसरीकडं तोंड करून उभा होतो. नुकसानाचा वाटा मी उचलला, पण पावण्यांनी घरात तोंड उघडलं ते पुढच्या वर्षी, असं इंदूबाईच हसत सांगतात. त्यांचं हसू मला अजून टोचतं.

निघताना मी पावण्यांना म्हणालो, "पावणं, पुढल्या साली पुडी आणा. मी माझ्या हातानं..."

ते म्हणाले, "आनीन. नक्की आनीन. पर ताईंच्या हातात दीन. तुमच्या न्हाई."

रागानं म्हणाले असते तर सोसलं असतं. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसे म्हणाले.

आणि त्यांनी शब्द पाळला. दर पौषात ते येतात. बहिणीकडं उतरतात, मग आमच्याकडं. माझ्याशी हसून बोलतात, चहा घेतात, मंगलला मढच्या तांदळाची पिशवी देतात. पुडी मात्र वरच्या खिशात, स्वेटरच्या आत. बारा वाजता ताई फडकं सोडून बाहेर आल्या की मग स्वेटर वर करून पुडी काढायची आणि त्यांच्या हातात द्यायची. पाच वर्षं मी हे माझ्याच अंगणात, माझ्याच बाजेवर बसून बघितलं.

त्या उन्हाळ्यातच ताई म्हणाल्या होत्या की पुढच्या साली अवसरीत स्वतःची शेड टाकणार. मी म्हणालो, "टाकायचीच असेल तर इथं टाका. अर्धी तुमची." त्यांनी दोन दिवस विचार केला. मग अट सांगितली. आठ ते बारा त्यांचे, आणि मला आत यायचं असेल तर मोबाईल डब्यात, तोंड बंद, आणि एका वेळी एक पुडी.

सोळा तास काम करणारा मी, पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारी बसलो आणि मला वाटलं दोन तास झाले. चोरून घड्याळ बघितलं. वीस मिनिटं झाली होती. खिशातला मोबाईल नसताना वाजायचा. पाण्याची टाकी भरली का, गाडी आली का, दारात कोण खाकरलं, सगळं डोक्यात. ट्रेमधला खळगा तेवढा नाही. ताई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "उठा भाऊ. तुमचं संपलं." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो सगळा हंगाम मी अर्ध्या तासाच्या वर गेलो नाही. दुसऱ्या वर्षी तासभर. मागल्या वर्षी अडीच तास. सेहेचाळीस वर्षांच्या माणसानं बसायला शिकणं सोपं नसतं, आणि ज्यांना ते येतं त्यांच्याबद्दल मला आता जे वाटतं त्याला आदर हा शब्दही थोडा अपुरा पडतो. ताईंनी माझ्याइतके तास कधीच काम केलं नाही. आणि त्यांनी टोकलेलं एक बी चुकीच्या रानात गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

यंदा संक्रांतीच्या आधीच ताईंच्या मुलीचं बाळंतपण आलं. त्या पुण्याला गेल्या. जाताना फडकं माझ्या हातात दिलं. डबा दिला. सूचना एकही दिली नाही, त्यामुळं मला जास्तच धास्ती वाटली.

आज सकाळी आठला मी फडकं बांधलं. बायकांचे मोबाईल डब्यात गेले, माझाही गेला. बसलो. पहिली पुडी, काडी. दुसरी पुडी, काडी. साधारण नऊच्या सुमाराला बाहेर कुणीतरी खाकरलं. मग हाक आली, "भाऊ, हाय का?" आवाज मी ओळखला. सहा वर्षं ओळखतोय. हातात तिसरी पुडी होती, नुकती उघडलेली. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली. दारापाशी पावलं वाजली आणि थांबली. फडकं बघितलं असावं. बाज करकरली.

मी उठलो नाही. खोटं कशाला सांगू, उठावंसं फार वाटलं. मढहून आलेला माणूस, थंडीत बाहेर बसलाय, आणि दुसरा कुणी नाही, तो. अडीच तास माझे साडेदहाला संपले. त्यापुढचं मन मी अक्षरशः मानगुटीला धरून बसवलं. दाबा, ठेवा, झाका. डब्यात मोबाईल दोनदा थरथरला. शेवटच्या काडीला पुडी टोचली तेव्हा बारा वाजले होते आणि माझी बोटं सुन्न पडली होती.

फडकं सोडून बाहेर आलो. काशिनाथ पावणं बाजेवर पाय वर घेऊन बसले होते. शेजारी मंगलनं दिलेला चहाचा कप, कधीचा रिकामा.

"ताई न्हाईत व्हय?"

"पुण्याला गेल्यात. लेकीचं बाळंतपण."

"म्या हाक मारली. दोनदा."

"ऐकली मी."

"मग?"

"पुडी उघडी होती, पावणं."

ते उठले, चपला दारात काढल्या आणि न विचारता शेडमध्ये गेले. मी मागं. ट्रेच्या रांगेवरून वाकून वाकून चालले. दर पुडीचे ट्रे वेगळे, त्यांत एक काडी, काडीला ती पुडी. शेवटच्या ट्रेपर्यंत गेले. मग स्वेटर वर केलं, शर्टाच्या खिशातून पुडी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"घ्या."

मी हात पुढं केला. त्यांनी पुडी तळहातावर ठेवली आणि बोटं लगेच काढून घेतली.

"आत्ताच टोकता का?" त्यांनी विचारलं. "मंग बसतो म्या."

"नाही पावणं. उद्या आठला. आजचं मन संपलं."

ते हसले. पाच वर्षांत ते माझ्याशी खूपदा हसले होते, असं हसले नव्हते. "ताईंचं बोलनं हाय ह्ये," म्हणाले, आणि जेवायला बहिणीकडं निघाले.

सायलीला फोन करायचा आहे. डब्यातली थरथर तिचीच होती. पण मी अजून चिंचेखालीच बसलोय. पुडी हातात आहे, त्यांच्या खिशातल्या उबेनं अजून कोमट.